विरजण कोणी लावलं?

"आता मला सांगा, तुमच्या संघात निर्णय कोण घेतं?" टिपणीसांनी विचारलं.

आम्ही पाचजणांनी एकमेकांकडे बघितलं.

"आपणच घेतो की," खोचीकर म्हणाले.

"आणि तो अमलात कोण आणतं?"

"आपणच."

"आणि काही चुकलं तर जबाबदार कोण?"

"आपणच म्हणा की," मुल्लाभाई म्हणाले आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या टँकरकडे बघायला लागले.

टिपणीसांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आपण' असं लिहिलं, त्याच्याभोवती गोल काढला आणि त्यावर फुली मारली. मग ते दोन पावलं मागे सरकले आणि कावीळ ओळखलेल्या वैद्यासारखे म्हणाले, "हा तुमचा रोग."

टिपणीस पुण्याहून आले होते. बाह्या दुमडलेला निळा शर्ट, हातात कायम एक पेन, आणि दर वाक्यानंतर "राईट?" म्हणायची सवय. पहिल्या दिवशी आम्ही त्या राईटला उत्तर द्यायचो. मग लक्षात आलं की ते उत्तरासाठी नसतं, दम घ्यायला असतं.

आणि आम्ही म्हणजे वडजाई तालुका सहकारी दूध संघाचे कारभारी. खोचीकर प्रक्रियेचे प्रमुख. दूध आत आलं की त्याचं जे जे होतं, दही, तूप, चक्का, ते सगळं त्यांच्या राज्यात. दस्तगीर मुल्ला वाहतुकीचे; गावोगावचं दूध गोळा करून आणायचं आणि पिशव्या शहरात पोचवायच्या. वैजयंती भिंगार्डे प्रयोगशाळेची, वयानं आमच्यात सगळ्यांत लहान. ती दुधावर आणि माणसांवर सारखाच संशय घ्यायची. मी विक्रीची. आणि आमच्या वर कार्यकारी संचालक नाडगौडासाहेब. हा माणूस इतका सभ्य की शिपायाला हाक मारायच्या आधी "वेळ आहे ना तुम्हाला?" असं विचारायचा.

माझं म्हणाल, तर मी संघात आले ती टेलिफोनच्या खोलीत. मॅट्रिकनंतर शाळा सुटली ती सुटली. पण फोन जोडून देणाऱ्या बाईला कॉलेज लागत नाही. कोण कुणाशी गोड बोलतो, आणि फोन ठेवता ठेवता काय पुटपुटतो, एवढं कानावर पडलं की संस्था कशी चालते ते कळतं. बाकीचं मी रद्दीतून वाचलं. विक्रीची प्रमुख झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दूध इकायला गं काय शिकावं लागतंय? चांगलं आसलं की आपसूक खपतंय." आमच्या टिपणीसांनी एवढ्या दिवसांत याहून जास्त काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पण टिपणीसांचं एका बाबतीत खरं होतं. आमच्याकडे त्या शब्दाचा सुळसुळाट झाला होता.

मराठीतला हा शब्द फार सोयीचा. अध्यक्ष आबासाहेब म्हणायचे, "आपण ते काम तेवढं करून घेऊ," तेव्हा अर्थ असायचा, तुम्ही करा. खोचीकर म्हणायचे, "आपण नाही कुणाच्या बापाला भीत," तेव्हा अर्थ असायचा, मी. नाडगौडासाहेब कुणालाही म्हणायचे, "आपण बसावं," तेव्हा तो मान असायचा. आणि बैठकीत सगळे मिळून म्हणायचे, "आपण बघू," तेव्हा अर्थ असायचा की कुणीही बघणार नाही.

दसऱ्याला याचाच दणका बसला होता. श्रीखंडाचे डबे आले, आणि झाकणं आलीच नाहीत. बैठकीत ठरलं होतं की झाकणं आपण मागवू. खोचीकरांना वाटलं वाहतूक मागवील, मुल्लाभाईंना वाटलं विक्री मागवील, मला वाटलं प्रक्रिया मागवील. शेवटी ते श्रीखंड आम्ही दुकानांत केळीच्या पानानं झाकून विकलं. लोकांना वाटलं, काहीतरी पारंपरिक आहे. एका गृहस्थांनी तर कौतुकाचं पत्र पाठवलं. पण आबासाहेब भडकले. म्हणजे भडकायला त्यांना निमित्तच हवं होतं. त्यांचे जावई पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आले होते, घरी काळा चष्मा लावून बसून होते, आणि नाडगौडासाहेबांची खुर्ची तालुक्यातली त्या मापाची एकुलती एक खुर्ची होती.

संचालक मंडळातल्या दोघातिघांनी साहेबांची बाजू धरली. मग आबासाहेबांनी तोड काढली. "आपण एक माणूस आणू. तो ह्यांची टीम बांधंल. गुढीपाडव्यापर्यंत बांधली तर नाडगौडासाहेब राहतील. पाडव्याला पुन्हा घोटाळा झाला, तर मग साहेबांनी आपणहून विचार करावा."

असा तो माणूस आला. टिपणीस जावयांच्या ओळखीतलेच होते, हे मला टेलिफोनच्या खोलीतून समजलं. तिथं माझ्या जागी आलेली मुलगी माझ्याच हाताखाली तयार झाली होती.

तर फळ्यावर फुली मारून झाल्यावर टिपणीसांनी टेबलावरची घंटी उचलली. संघाच्या पहिल्या दिवशी ज्या म्हशीचं दूध आलं, तिच्या गळ्यातली ती पितळी घंटी. अध्यक्षांच्या दालनात काचेच्या पेटीत असायची.

"आजपासून नियम," ते म्हणाले. "जो कोणी 'आपण' म्हणेल, त्याच्यासाठी ही घंटी वाजेल. त्यानं उभं राहून ते वाक्य पुन्हा म्हणायचं, 'मी' घालून. मी करतो. मी बघतो. मी जबाबदार. ओनरशिप! राईट?"

नाडगौडासाहेबांनी हळूच हात वर केला. "एक शंका आहे. 'आपण' हा शब्द वाईट नाही हो तसा. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तोही आत येतो. इतकी सोय इंग्रजीतसुद्धा नाही. मला वाटतं आपण..."

घंटी वाजली.

साहेब उठून उभे राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला वाटतं मी," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना सुचेना, म्हणून ते खाली बसले.

"ब्राव्हो!" टिपणीस म्हणाले.

पुढचे काही आठवडे संघात नुसता किणकिणाट चालला होता. दारावरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, आत गोठा आहे. मुल्लाभाईंची जीभ तर सरावलेली. ते म्हणायचे, "आपल्या गाड्या," किण्! "बरं, माझ्या गाड्या." मग ड्रायव्हर लोक बाहेर जाऊन एकमेकांना विचारायचे, भाईंनी गाड्या विकत घेतल्या का काय? खोचीकरांनी दोन दिवस बोलणंच सोडलं. वैजयंतीला मात्र ते आवडलं. ती म्हणाली, "शालनताई, आयुष्यात पहिल्यांदा मी 'मी' म्हणतेय आणि कुणी मला उर्मट म्हणत नाहीये."

मला तिचं पटलं. मला स्वतःलाही 'मी' म्हणताना बरं वाटायचं, खोटं का बोलू? घरी कुठे म्हणता यायचं? आमच्या घरात रात्रीच्या दुधाला विरजण लावायचा मानसुद्धा सासूबाईंचा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, पण त्या पातेल्याला मी हात लावला नव्हता. त्या म्हणायच्या, "एका दुधाला एकच हात. दोन हात लागलं की दही बिघडतंय." घरातली सत्ता कुणाकडे आहे ते तिजोरीवरून कळत नाही, विरजणाच्या वाटीवरून कळतं.

पाडवा तोंडावर आला. श्रीखंडासाठी दूध बाजूला काढलं. शेवटची बैठक झाली. विरजण वेळेत लागलं की रात्रीत दही, सकाळी फडक्यात बांधून टांगलं की चक्का, मग साखर, वेलदोडा, डबे. झाकणं या वेळी आधीच येऊन पडली होती. पाचजणांनी 'मी' म्हटल्यामुळे पाचपट आली होती. त्याच्यावरून आम्हाला सावध व्हायला हवं होतं. पण टिपणीस म्हणाले, "कमी पडण्यापेक्षा जास्त बरं," आणि आम्ही मान डोलावली.

"आता सगळ्यांत कळीचा मुद्दा," ते म्हणाले. "विरजण. कोण घेतं जबाबदारी?"

"मी," खोचीकर म्हणाले. हातही वर केला. त्यांच्या राज्यातलीच गोष्ट.

"मी," वैजयंतीही त्याच दमात म्हणाली. दह्याचा आंबटपणा तिच्या प्रयोगशाळेत मोजला जायचा.

"मी," नाडगौडासाहेब म्हणाले. त्यांची खुर्ची त्या दुधावर तरंगत होती.

मुल्लाभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. सगळ्यांचे हात वर आणि आपले दोघांचेच खाली, हे बरं दिसेना. आम्हीही हात वर केले.

टिपणीसांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले. "हे बघा," ते म्हणाले, "हे बघा काय घडलंय! तसेच राहा, हात खाली घेऊ नका," आणि त्यांनी फोटो काढला. कुणाचं नाव ठरलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले, काम फत्ते झाल्याच्या आनंदात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संघात पोचले, तर प्रक्रियेच्या दारातच वास आला. दह्याचा वास गोड असतो, भूक लागेल असा. हा नाकात घुसत होता. आत खोचीकर मोठ्या टाकीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते, विहिरीत डोकावल्यासारखे. वर हिरवट पाणी सुटलं होतं आणि खाली दह्याचा चोथा. वैजयंती नळीत नमुना घेऊन पुन्हा पुन्हा बघत होती, जणू पुन्हा बघितल्यानं तो गोड होणार होता.

"किती आंबट?" मी विचारलं.

"ताई," ती म्हणाली, "चिंच लाजेल."

पाडवा उद्यावर आला होता. तालुकाभरच्या दुकानदारांनी मागणी नोंदवली होती. नवं दूध, नवं दही, नवा चक्का, इतकं सगळं आता पाडव्याच्या आत होणं नव्हतं. आणि नाडगौडासाहेबांचं काय होणार, हे त्या टाकीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला समजत होतं. साहेब दारात उभे होते. आत आले नाहीत.

आबासाहेब आले. बरोबर जावई, काळा चष्मा. जावई बाहेरच्या बाकावर बसले. घाई नव्हती त्यांना. बैठकीच्या खोलीत टेबलावर ती घंटी होतीच, आणि तिच्या शेजारी वाटीत दह्याचा नमुना. मुल्लाभाई घंटीच्या जवळच्या खुर्चीत बसले.

आबासाहेबांनी उभ्याउभ्याच विचारलं, "इरजण कुणी लावलं?"

पूर्वीचे दिवस असते तर पाचजणांनी 'आपण' म्हटलं असतं आणि प्रश्न हवेत विरून गेला असता. आता ती सोय नव्हती.

"मी," नाडगौडासाहेब उठून उभे राहिले. "मी लावलं. अंधार पडता पडता गेलो होतो. मी म्हटलं, इतकी वर्षं या खुर्चीत आहे, दुधाला कधी हात लावला नाही. जबाबदारी घेतली आहे तर... किती घालायचं माहीत नव्हतं. विरजणाची अख्खी कॅन ओतली."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. ती लपवायला त्यांनी मिशी पुसली. "वाईट वाटतंय साहेब. लई वाईट वाटतंय. पण आपणहून..."

"साहेब उगं अंगावर घ्यालेत," खोचीकर म्हणाले. "मी लावलं. साहेबांच्या आधी, दिवस होता तवा. मला काय माहीत साहेब येतील? ते तर कधी आत पाऊल टाकत न्हाईत."

"मीही लावलं," वैजयंती म्हणाली. "खोचीकर निघून गेल्यावर. मला वाटलं, त्यांनी हात वर केला खरा, पण... मला खात्री नव्हती."

"माझी?" खोचीकर गर्रकन वळले. "वीस वरसं इरजण लावतोय मी!"

"तुमची नाही हो. हातांची. सगळ्यांचेच वर होते ना."

आबासाहेबांनी टाकीवरच्या शिवलिंगअप्पाला बोलावलं. अप्पा दारात येऊन टोपी चुरगाळत उभा राहिला.

"अप्पा, इरजण लावताना तू होतास न्हवं?"

"व्हतो की."

"मग एकामागनं एक तिघं आले, तू तोंड न्हाई उघडलंस?"

"मला वाटलं, नवी पद्धत आसंल," अप्पा म्हणाला. "पुण्याचं सायेब येऊन गेल्यापास्नं समदंच नवं चाललंय. मी फकस्त झाकण उघडलं."

आबासाहेब खुर्चीत बसले. राजकारणात मुरलेला माणूस. क्षणात हिशेब मांडला. "आसं बघा. खोचीकर जुने, त्यांनी मापात लावलं. बाईंनी मापात लावलं. त्ये दोनदा झालं, तरी निभावलं आसतं. अख्खी कॅन वतली ती साहेबांनी. तवा साहेबांनी आज दुपारपर्यंत राजीनामा द्यावा, आन् ह्या दोघांना आपण माफ करतोय."

कुणी घंटी वाजवली नाही. नाडगौडासाहेबांनी खिशातून पेन काढलं, उघडलं, आणि कागदासाठी इकडंतिकडं बघितलं. कागद मागायलासुद्धा त्यांना संकोच वाटत होता.

मग मुल्लाभाई खाकरले.

"आबासाहेब, मीपण लावलं."

"काय?"

"इरजण. टँकर लावायला आल्तो. म्हटलं जरा बघून जावं. बघितलं, आन् लावलं. माझा हात जरा मोकळाच सुटला."

आबासाहेबांनी अप्पाकडे बघितलं. अप्पानं मुल्लाभाईंकडे बघितलं. टोपी त्याच्या हातात एक पूर्ण फेरा फिरली.

"हां हां," अप्पा म्हणाला. "भाईबी आल्ते."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणी खूण केली नाही, कुणी डोळा मारला नाही. पण टेलिफोनच्या खोलीत बसलेल्या बाईला एक गोष्ट कळते: लाईन जोडायची वेळ आली की ती जोडायची, नंतर विचार करायचा.

"मीपण लावलं," मी म्हटलं.

"ताईबी आल्त्या," अप्पा लगेच म्हणाला. त्याला आता रंग चढला होता. "समद्यात शेवटाला ताई. मी झाकण उघडून उघडून दमलो."

"आरं, मग गावात कुणी ऱ्हायलंय का न्हाई, इरजण लावायचं?" आबासाहेब ओरडले.

"मी," अप्पा म्हणाला. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

वैजयंतीला हसू फुटलं. तिनं ते खोकल्यात घातलं, पण खोकला वाढतच गेला. खोचीकरांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मघाशी तिच्यावर वळलेला हाच माणूस.

"पाचीच्या पाची जणांना घरला घालवीन!"

"घाला की," मुल्लाभाई शांतपणे म्हणाले. "पर आत्ता घाला. सकाळपाळीच्या गाड्या वाटंवर हायत. दूध थांबत न्हाई, आबासाहेब. गेटाच्या चाव्या कुणाकडं द्यायच्या तेवढं सांगा. जावईबापूंकडं दिऊ? टँकर मागं घ्यायला येतो न्हवं त्यास्नी?"

बाहेरच्या बाकावर जावईबापू मोबाईलमध्ये गाणं ऐकत होते, ते आतपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. फाटकाशी पहिल्या गाडीचा हॉर्न वाजला. मग दुसऱ्या.

आबासाहेबांनी टेबलावरची वाटी पुढे ओढली, दह्यात बोट बुडवलं आणि चाखलं. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. उघडायला बराच वेळ लागला. बोट धोतराला पुसून ते म्हणाले, "बरं. मग आता आपण काय करायचं?"

"आपण म्हणजे कोण, आबासाहेब?" वैजयंतीनं विचारलं.

उद्धटपणानं नाही विचारलं तिनं. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं, नमुन्याच्या बाटलीवर गावाचं नाव नसलं की विचारायची तसं.

आबासाहेबांनी एकेकाकडे बघितलं. म्हातारा लबाड होता, पण हा संघ त्यांनीच उभा केला होता. सायकलीला किटल्या अडकवून ते पहिल्यांदा गावोगाव फिरले होते, तेव्हा जावई नव्हते आणि काळे चष्मेही नव्हते.

"आपण म्हंजे," ते म्हणाले, "ह्या दह्याला ज्याचा ज्याचा हात लागलाय, ती समदी." ते जरा थांबले. "त्यो पुण्याचा पाव्हणा कुणी आणला? मी आणला. म्हंजे... मीपण."

नियमानं घंटी वाजायला हवी होती. इतक्या दिवसांची सवय. खोचीकरांचा हात तिकडं गेलाही. पण मुल्लाभाईंनी त्याआधीच घंटी उचलली होती आणि आतला लोलक मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

"बोला," ते म्हणाले. "आपण काय करायचं?"

करण्यासारखं एकच होतं. त्या दह्याचं ताक केलं. आलं, मिरची, कोथिंबीर, मीठ. खोचीकरांनी घुसळलं, वैजयंतीनं चाखून चाखून जिभेचं कातडं काढून घेतलं, मुल्लाभाईंच्या गाड्यांनी ते पोचवलं, आणि पाडव्याच्या उन्हात तालुक्याच्या प्रत्येक चौकात मी ते संघाच्या नावानं फुकट पाजलं. नाडगौडासाहेब बसस्टँडवर स्वतः पेले भरत होते. प्रत्येकाला विचारत होते, "आपल्याला आणखी देऊ?" श्रीखंड काही त्या वर्षी कुणाला मिळालं नाही. लोकांनी शिव्या दिल्या, ताक प्यायले, आणि पुन्हा शिव्या दिल्या. पण नंतरच्या शिव्यांत जोर नव्हता.

साहेब राहिले. निवृत्त होईपर्यंत राहिले. जावईबापूंना पुढे कुठल्याशा बँकेची खुर्ची मिळाली. मापाला जरा सैल होती म्हणतात. टिपणीसांनी आमचा तो हात वर केलेला फोटो चौकटीत घालून पाठवला. खाली लिहिलं होतं, 'एक संघ, पाच नेते.' त्यांच्या भाषणांत अजून आमचं उदाहरण येतं असं ऐकते. त्यात ताकाला 'नवं उत्पादन' म्हणतात म्हणे.

पाडव्याच्या संध्याकाळी मुल्लाभाई मला जीपनं घरी सोडायला आले.

"भाई," मी म्हटलं, "तुम्ही कधी गेला होतात हो विरजण लावायला?"

"मी?" ते समोर रस्त्याकडं बघत म्हणाले. "त्या सांजंला मी मिरजेत व्हतो, ताई. गाडीचा गिअरबॉक्स पडल्याला. आन् तुम्ही?"

"मी? माझ्या घरातसुद्धा मला कुणी लावू देत नाही."

मग जीप त्यांना कडेला घ्यावी लागली. दोघंही इतके हसलो की समोरून बैलगाडी हाकत येणारा माणूस थांबला आणि काही झालंय का म्हणून विचारायला लागला.

घरी येऊन सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता ऐकत होत्या. अख्ख्या कॅनपाशी आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मुल्लाभाईंपाशी आल्यावर हात थांबला. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

जेवणं झाली. मी भांडी आवरत होते. त्यांनी कोमट दुधाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं, आणि शेजारी विरजणाची वाटी ठेवली.

"लाव आज तू," त्या म्हणाल्या. "तालुक्याला लावून आलीस. घरानं काय घोडं मारलंय?"

मी लावलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झोपायला गेले.

सकाळी जेवताना ह्यांनी दह्याचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "केवढं आंबट! विरजण कोणी लावलं होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आपल्या ताटात बघत होत्या. मी झोपल्यावर उठल्या असणार. माझ्या हातावर विसंबल्या नसणार. खात्रीसाठी आणखी एक चमचा लावला असणार.

"सांगा की, कोणी लावलं?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "मी."